टिक्क्यावर बोलिव्हियाचा उतारा

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बेंगळुरूच्या बसवनगुडीत कडलेकाई परिषे, म्हणजे शेंगांची जत्रा भरते. पीक फस्त करणाऱ्या नंदीला पहिल्या शेंगांचा नैवेद्य दाखवला की तो शेताकडे फिरकत नाही, अशी कथा सांगतात. नंदीची समजूत निघते; टिक्का आणि तांबेरा या भुईमुगाच्या रोगांची निघत नाही.

टिक्क्याचे काळे ठिपके, पानामागे उठणाऱ्या तांबेऱ्याच्या विटकरी पुटकुळ्या. बोट फिरवलं की भुकटी लागते. पानं गळाली की शेंगा भरत नाहीत. दोन्ही रोग एकदम आले तर निम्मं पीकही जातं. या दुबळेपणाचं मूळ भुईमुगाच्या जन्मात आहे. हजारो वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेत दोन रानजातींचा संकर झाला, गुणसूत्रं दुप्पट होऊन 40 झाली आणि हे नवं झाड 20 गुणसूत्रांच्या भावकीतून तुटलं. रोगाला तोंड देणारी बरीच जनुकं भावकीतच राहिली.

ती परत आणणं चिकाटीचं काम. भुईमुगाचं फूल पहाटे उमलतं आणि तोवर स्वपरागण उरकलेलंही असतं. म्हणून आदल्या संध्याकाळी चिमट्याने कळी उघडून पुंकेसर काढायचे आणि सकाळी रानजातीचे पराग लावायचे. आऱ्या सुटून शेंग धरली, तरी त्या दाण्यातून येणारं झाड 30 गुणसूत्रांचं आणि वांझ. त्यावर आपल्या कळलावीतही सापडणारं कोल्चिसीन वापरून गुणसूत्रं 60 करायची. मग पिढ्यान्‌पिढ्या निवड करत पुन्हा 40 वर यायचं. रानातून रोगप्रतिकाराबरोबर बारीक दाणा आणि लांबलेला हंगामही येतो, तो वेगळा काढत बसायचं.

बोलिव्हियातल्या ‘अरॅकिस कार्डेनासी’ या रानजातीबाबत ही खटपट 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात सुरू झाली. तिचा वारसा पुढे हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेमार्गे धारवाडच्या कृषी विद्यापीठात पोचला आणि तिथे ‘जीपीबीडी 4’ हा दोन्ही रोगांना दाद न देणारा वाण तयार झाला. पुढे इक्रिसॅटने त्यातला तांबेरारोधक तुकडा जनुकीय खुणांच्या आधारे जळगावच्या ‘जेएल 24’ म्हणजे फुले प्रगतीत आणि ट्रॉम्बे-अकोल्याच्या ‘टीएजी 24’ मध्ये उतरवला. ते संशोधन 2014 साली प्रसिद्ध झालं. बियाण्याला व्हिसा लागत नव्हता, तेव्हाची ही पुण्याई. आजच्या देवाणघेवाणीच्या करारांच्या जंजाळात हे इतकं सहज घडलं असतं, असं मला वाटत नाही.

वाण झाला म्हणजे तो शिवारात गेला, असं मात्र नाही. हेक्टरी शंभर किलोच्या वर दाणे पेरावे लागतात, त्या मानाने बियाणं फारसं वाढत नाही, आणि शेतकरी घरचंच बी राखतो. खासगी कंपन्यांना यात काय मिळणार? त्यामुळे 1940 साली आलेला, टिक्क्याला सहज बळी पडणारा ‘टीएमव्ही 2’ दक्षिणेत कितीतरी दशकं टिकून राहिला. शास्त्रज्ञांनी आपलं काम केलंय. आता रोगप्रतिकारक वाणांचं बियाणं पेरणीआधी गावात पोचवणं हे सरकारी बियाणे महामंडळांचं काम आहे, आणि त्यात ती कमी पडली आहेत.