हनुवटीच्या वर एक शतक

फ्रेंच बॉब पॅरिसचा खरा, पण तो ज्याच्या नावावर जमा आहे तो केशकर्तनकार पोलंडचा. अंतोनी चेर्प्लिकोव्स्की १८८४ साली शेराड्झ नावाच्या गावात जन्मला, १९०१ मध्ये पॅरिसला आला आणि पुढे नुसत्या ‘आंत्वान’ या नावाने गाजला. १९०९ मध्ये त्याने एव्ह लावालिएर या नटीचे केस कानाच्या पाळीपर्यंत आणले. बाई चाळिशी ओलांडलेल्या, आणि रंगमंचावर उभं राहायचं होतं अठरा वर्षांची पोर म्हणून. मान मोकळी झाली, कपाळ फ्रिंजखाली गेलं, वय उतरलं. या कटाला आंत्वानने जोन ऑफ आर्कचं नाव दिलं.

गोष्ट त्याची आणि सांगणाराही तोच. स्वतःची जाहिरात करण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, तेव्हा ती थोडी गाळून घ्यावी. पण नाव निवडण्यातली चलाखी मानावीच लागते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पोपने जोनला संतपदाच्या अलीकडच्या पायरीवर नेऊन बसवलं होतं आणि फ्रान्समध्ये तिचं नाव पुन्हा सगळ्यांच्या तोंडी होतं. १४३१ च्या खटल्यात तिच्यावर ठेवलेल्या आरोपांत पुरुषी कपड्यांच्या जोडीला पुरुषांसारखे गोल कापलेले केसही होते. आरोपपत्रातले ते केस पावणेपाचशे वर्षांनी पॅरिसच्या सलूनच्या दरपत्रकावर आले.

आंत्वानच्याही आधी दोघींनी ही वाट चालून पाहिली होती. अल्जीरियात जन्मलेली पोलेर ही नटी आखूड केसांनीच पॅरिसच्या रंगमंचावर वावरायची. १९०२ मध्ये तिने कोलेतच्या कादंबरीतली क्लोदीन रंगवली, आणि कोलेतचा नवरा विली याच्या डोक्यात आलं की लेखिका आणि नायिका जुळ्या बहिणींसारख्या दिसल्या तर पुस्तकं आणखी खपतील. कोलेतची जवळजवळ टाचेपर्यंत पोचणारी वेणी कापली गेली. म्हणजे आधुनिक स्त्रीचं प्रतीक म्हणून आज जिची छायाचित्रं छापतात, तिच्या केसांना कात्री लागली ती नवऱ्याच्या धंद्यासाठी. कोलेतची आई सिदो मात्र फार दुखावली. वीस वर्षं त्या केसांची निगा तिने राखली होती. ते लेकीचे नसून आपल्या हातचं काम आहे, असंच तिला वाटत होतं.

सिदोचं दुःख मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. केस म्हणजे काम. कुणीतरी ते विंचरतं, धुतं, वाळवतं, घालून देतं. बॉबने बाईची त्या कामातून सुटका केली असं सगळीकडे छापलेलं असतं. मागे वळून पाहिलं तर दिसतं ते वेगळंच. काम सुटलं नाही, दर पिढीला ते कुणा वेगळ्याच्या गळ्यात पडलं.

पहिल्या महायुद्धाने बॉब आणला असं सर्रास सांगितलं जातं. दारूगोळ्याच्या कारखान्यात यंत्रापाशी उभ्या राहणाऱ्या बायकांना अंबाडा अडचणीचा होता, हे खरंच. पण युद्ध अमेरिकेच्या दारात येण्याआधीच तिथे आयरीन कॅसल या नर्तकीच्या आखूड केसांची नक्कल सुरू झाली होती, हेही तितकंच खरं. फॅशनकार शनेलने १९१७ च्या सुमारास केस कापले. गॅसच्या बंबाचा भडका उडून केस जळले म्हणून कापले, अशी दंतकथा त्यामागे आहे. फॅशनच्या दुनियेत अपघातांची वेळ फार चांगली साधते.

१९२२ मध्ये व्हिक्टर मार्गेरितची ‘ला गार्सोन’ ही कादंबरी आली. तिची नायिका केस कापते, स्वतः कमावते आणि मनाला येईल तशी जगते. पुस्तक लाखांनी खपलं आणि पुढच्याच वर्षी लेखकाचा ‘लेजिओं दॉनर’ हा मानाचा किताब काढून घेण्यात आला. तोवर पॅरिसच्या रस्त्यांवर हा कट सर्रास दिसू लागला होता. मोंपार्नासमध्ये किकी होती, मान रे या छायाचित्रकाराची लाडकी मॉडेल: काळेभोर केस, सरळ रेषेत कापलेली फ्रिंज, गालावर वळलेली टोकं. १९२५ मध्ये जोसेफिन बेकर ही नर्तकी पॅरिसला आली. तिचे केस बॉबपेक्षाही आखूड, डोक्याला चिकटवून बसवलेले. त्या चकाकीसाठी तिच्या नावाचं ‘बेकरफिक्स’ हे पोमेड बाजारात आलं आणि चाललंही. घंटेच्या आकाराची क्लोश हॅट भुवयांपर्यंत ओढून घालायची फॅशन होती. तिच्याखाली अंबाडा मावतच नसे. टोपीसाठी केस कापले की केसांसाठी टोपी घेतली, हा वाद मिटण्यासारखा नाही.

आता त्या सुटकेचा हिशेब. घरी बसून घालायची वेणी गेली, पण आखूड केस एका रेषेत राहावेत म्हणून दर थोड्या दिवसांनी सलूनची पायरी चढणं आलं. मानेवरची लव मशीनने साफ करून घ्यायची. सरळ केसांना लाटा हव्यात तर मार्सेल ग्रातोने १८७२ मध्ये काढलेल्या पद्धतीने तापलेल्या चिमट्यांखाली बसायचं. त्या लाटा टिकाव्यात असं वाटलं तर नेस्लर नावाच्या जर्मन कारागिराच्या यंत्राला डोकं जोडून घ्यायचं. वरून लोंबणाऱ्या विजेच्या तारा, केसांच्या बटांना तापलेल्या दांड्या, आणि त्याखाली तासन्तास बाई बसलेली. पूर्वी आई किंवा मोलकरीण करायची ते काम आता पैसे मोजून करून घ्यावं लागत होतं. आंत्वानची सलून अटलांटिकपलीकडे न्यूयॉर्कपर्यंत पोचली ती या पैशावर.

लुईझ ब्रुक्स या नटीचं नाव घेतल्याशिवाय बॉबची गोष्ट कुणी सांगत नाही. गंमत म्हणजे तीही फ्रेंच नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातली ही मुलगी लहानपणापासूनच असे केस ठेवायची. तिची लुलू अजरामर झाली ती जर्मनीत, पाब्स्टच्या १९२९ मधल्या ‘पँडोराज बॉक्स’ या चित्रपटात. काळ्या शिरस्त्राणासारखा तो बॉब फार काटेकोर, फार नीटस. आज ज्याला फ्रेंच बॉब म्हणतात त्याच्या स्वभावात हा नीटसपणा बसत नाही, तरी पार्लरमध्ये दाखवल्या जाणाऱ्या फोटोंत ब्रुक्स हटकून असते.

तिशीच्या दशकात केस पुन्हा खांद्याकडे उतरले. नंतर १९४४ आलं. जर्मन सैन्य हटल्यावर फ्रान्सच्या गावागावांतून शत्रूशी संबंध ठेवल्याचा आरोप असलेल्या बायकांची भर चौकात मुंडणं झाली. इतिहासकार हा आकडा वीस हजारांच्या घरात धरतात. ज्या देशाने वीस वर्षांपूर्वी आखूड केसांना स्वातंत्र्य म्हटलं होतं, तिथेच वस्तरा शिक्षेसाठी उचलला गेला. मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही. आंत्वान लहान असताना आपल्याकडे ब्राह्मण विधवांचं केशवपन चालू होतं, आणि १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी हे काम आम्ही करणार नाही असं जाहीर केलं होतं. आपल्या कित्येक आज्यांना लेकीसुनांचे आखूड केस पाहून जो धसका बसायचा, तो नुसता जुन्या वळणाचा हट्ट नव्हता. आखूड केसांची त्यांनी पाहिलेली ओळखच तेवढी होती.

साठच्या दशकात बॉब परतला तो दोन वाटांनी. १९६२ मध्ये गोदारच्या ‘विव्र सा व्ही’ या चित्रपटात आना कारीना नाना म्हणून आली, केस थेट ब्रुक्सची आठवण करून देणारे, फक्त चेहऱ्यावर वेगळाच थकवा. दुसरी वाट लंडनची. विडाल ससूनने १९६३ मध्ये नॅन्सी क्वान या अभिनेत्रीचे कमरेपर्यंतचे केस जबड्याच्या रेषेत कापले. त्याचं म्हणणं साधं होतं: केसांना सेटिंगची गरज पडू नये, आकार कातरण्यातच असावा. धुवायचे, झटकायचे, निघायचं. रोलर्स, फवारे, आठवड्याला पार्लर हे सगळं त्याने कात्रीत ओतलं. शतकभरात बाईचं काम खरोखर कमी केलं असेल तर ते याच माणसाने, असं माझं मत. अर्थात तशी कात्री चालवणारा हात शोधायचा आणि त्याचे दाम मोजायचे, हे नवं काम आलंच.

त्याच काळात आविन्योंची मिरेय माथ्यू ही गायिका फ्रेंच टीव्हीवर आली आणि तिने आपला वाटोळा बॉब जो धरला तो अजून सोडलेला नाही. फ्रेंच लोक तिच्या केसांची थट्टा करतात. मला तिचं कौतुक वाटतं. दर दहा वर्षांनी जग फिरून तिच्यापाशी येतं.

आपल्याकडे हा कट आला तो ना गोदारमुळे, ना ससूनमुळे. १९६० च्या ‘लव्ह इन सिमला’नंतर कपाळावरची फ्रिंज ‘साधना कट’ म्हणून घरोघरी पोचली, पण मागे वेणी किंवा अंबाडा तसाच राहिला. ‘बॉबकट’ मात्र लहान मुलींचा. शाळेच्या घाईत दोन वेण्या घालायला आईला वेळ नाही, त्यात डोक्यात उवा, म्हणून सुट्टीत एकदा कानाच्या खालून सरळ कापून टाकलेले केस. त्यात फॅशन नव्हती, मुलीचं मतही नव्हतं. होता तो आईच्या सकाळचा हिशेब. सिदोच्या अगदी उलट टोकाची ही आई, पण तीही केसांकडे काम म्हणूनच बघत होती. मोठं झाल्यावर केस वाढवायचे हे ठरलेलंच, त्यामुळे चाळिशीत बॉब करणाऱ्या बाईला ‘शाळकरी दिसतेस’ हे ऐकावं लागतं. लावालिएरला तर नेमकं तेच हवं होतं.

२००१ मध्ये ‘आमेली’ आला. ओद्रे तोतूची कपाळाच्या मध्यावर संपणारी फ्रिंज आणि कानाखाली वळलेले केस मोंमार्त्रच्या कॅफेतून जगभर गेले. नंतर मासिकांनी आणि इन्स्टाग्रामने ‘फ्रेंच मुलगी’ नावाचा माल विकायला काढला: उठली, हात फिरवला, निघाली. असली मुलगी पॅरिसमध्येही फारशी भेटत नाही. त्या विस्कटलेपणामागे कात्रीचं बरंच काम असतं.

तर आज हा कट करायचा झाला तर? केस ओठांच्या आणि हनुवटीच्या दरम्यान संपतात, फ्रिंज भुवयांना टेकते, मान उघडी राहते. मूळ रेषा सरळ, पण टोकं कात्रीच्या अग्राने थोडी तुटक केलेली. मोठे लेयर्स नकोत. लेयर्स आले की तो बॉब उरत नाही. फोटोतल्या मुलीचे केस बहुतेक वेळा बारीक पोताचे असतात, आणि आपल्याकडचे पुष्कळदा दाट, जाड आणि किंचित वळणाचे. तेच माप दाट केसांवर घेतलं की ते खाली फाकतात आणि डोक्याचा त्रिकोण होतो. म्हणून मानेजवळचा आतला थर हलका करून घ्यावा, वरची रेषा तशीच राहू द्यावी.

कुरळ्या केसांच्या बाबतीत ओले असताना कात्री लावू देऊ नये. ओला केस ताणला जातो आणि वाळला की वर चढतो. ओठांपाशी मापलेला बॉब गालाच्या हाडापाशी जाऊन बसतो. कोरड्या केसांवर, त्यांच्या नेहमीच्या वळणात कापणारी कारागीर शोधावी. कपाळावर किंवा मानेवर भोवरा असेल तर तो आधी दाखवावा, कारण लांब केसांच्या वजनाखाली दबलेला भोवरा आखूड झाल्यावर डोकं वर काढतो. लांबट चेहऱ्याला फ्रिंज शोभते. गोल चेहऱ्याने बॉब करूच नये हा नियम मला पटत नाही. रेषा हनुवटीच्या अर्धा बोट खाली नेली आणि भांग जरा बाजूला सरकवला की काम होतं. चष्मा असेल तर तो घालूनच खुर्चीत बसावं, नाहीतर फ्रिंज काचांवर लोळते.

रोजची निगा थोडी, पण सवयी बदलाव्या लागतात. रविवारचं तेल लावायला हरकत नाही, पण ते पूर्ण धुऊन निघायला हवं. तेल राहिलेला बॉब डोक्याला चिकटतो आणि नकळत जोसेफिन बेकर होते. धुतल्यावर टॉवेलने घासू नये, दाबून पाणी काढावं. किंचित मूस किंवा मिठाच्या पाण्याचा स्प्रे बोटांनी लावून केस आपोआप वाळू द्यावेत. स्ट्रेटनर लावलाच तर फक्त टोकांना अर्धा वळसा. धुतल्याच्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी हा कट जास्त खुलतो. मुंबईच्या किंवा कोकणच्या पावसाळ्यात मात्र फ्रिंजवर भरवसा ठेवू नये. दमट हवेत ती दुपारपर्यंत मनाला येईल तिकडे वळते. जूनमध्ये पहिल्यांदा कापायच्या विचारात असाल तर ऑक्टोबरपर्यंत थांबलेलं बरं.

खर्चाचंही बोलायला हवं. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतात. कमरेपर्यंतच्या केसांत तेवढं कुणाला कळतही नाही, पण ओठांपाशी संपणारा बॉब तीन महिन्यांत हनुवटीपाशी पोचतो. सहा ते आठ आठवड्यांनी ट्रिम लागतो, फ्रिंजला त्याहून लवकर. चांगल्या पार्लरमधली बाई म्हणूनच फोटो पाहण्याआधी विचारते, सकाळी केसांना किती वेळ देता? ‘पाच मिनिटं’ असं खरं उत्तर असेल तर तिने सुचवलेला फ्रिंजशिवायचा, हनुवटीखाली उतरणारा बॉब घ्यावा. ‘वेळ काढेन हो’ असं म्हणणारीला ती बहुधा आमेलीची फ्रिंज कापून देते, आणि पुढच्या पंधरवड्याची वेळ वहीत आधीच लिहून ठेवते.