नव्या पेठेची ओळख : इंटरनेट, मोबाइल आणि आपला धंदा

व्यापारात मालापेक्षा बातमी आधी पोहोचावी लागते. कोणत्या गावी कोणत्या मालाला उठाव आहे, भाव चढणार की उतरणार, कोणती पेढी भरवशाची आणि कोणती बुडीत, हे ज्याला आधी कळते तो कमावतो. पूर्वी ही बातमी दलाल, आडते आणि बंदरावरचे नाखवे आणीत. पुढे तार आली, टेलिफोन आला, टेलेक्स आणि फॅक्स आले. त्या मालिकेतील आजचा दुवा म्हणजे इंटरनेट. आपल्या समाजातील बहुतेक दुकानदार व कारागीर दिवसभर मोबाइल वापरतात. परंतु ही व्यवस्था उभी कशी राहिली, तिच्यात कमावतो कोण आणि आपण त्यात कोठे बसतो, याचा विचार फारसा होत नाही. तो येथे करण्याचा आमचा प्रयत्न आहे.

रस्ता आणि बाजार

इंटरनेट आणि वेब हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण ते एक नव्हेत. इंटरनेट हा रस्ता आहे, तर वेब हा त्या रस्त्याच्या कडेला भरलेला बाजार आहे. रस्ता आधी झाला. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील दोन संस्थांच्या संगणकांमध्ये पहिला संदेश गेला. 'लॉगिन' हा शब्द पाठवायचा होता. त्यातील पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि यंत्रणा बंद पडली. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून उभारलेल्या या जाळ्याचे नाव अर्पानेट. १ जानेवारी १९८३ पासून त्यावरील संगणकांनी देवाणघेवाणीचे एकच नियम स्वीकारले. संदेशाचे लहान लहान तुकडे करायचे, प्रत्येकावर पत्ता घालायचा, मिळेल त्या वाटेने पाठवायचे आणि पोहोचल्यावर क्रमाने जोडायचे. ट्रान्सपोर्टच्या धंद्यातल्या माणसाला हे चटकन कळेल. माल चार गाड्यांतून चार रस्त्यांनी गेला, तरी बिल्टी बरोबर असेल तर गोदामात तो पुन्हा एकत्र होतो.

बाजार पुढे भरला. स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये एक योजना मांडली. निरनिराळ्या संगणकांवरची पाने दुव्यांनी जोडावीत, म्हणजे एका पानावरून दुसऱ्यावर सहज जाता येईल, अशी ती कल्पना होती. १९९१ मध्ये ती बाहेरच्यांसाठी खुली झाली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र कोणीही विनामूल्य वापरावे असे जाहीर केले. या निर्णयाचे मोल मोठे आहे. दर पानामागे हक्काचे पैसे लावले असते, तर छोट्या दुकानदाराला या पेठेत पाय ठेवता आला नसता.

आपल्याकडे हे कसे आले

भारतात सर्वसामान्यांसाठी ही सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केली. टेलिफोनच्या तारेवरून जोडणी होई, ती मध्येच तुटे, आणि खर्च लहान व्यापाऱ्याच्या आवाक्याबाहेरचा होता. नोव्हेंबर १९९८ पासून खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि गावोगावी सायबर कॅफे दिसू लागले. १७ ऑक्टोबर २००० रोजी माहिती तंत्रज्ञान कायदा अमलात आला. त्याने संगणकावरील नोंद आणि डिजिटल सही यांना कायदेशीर मान्यता दिली. २००२ मध्ये रेल्वेची तिकिटे इंटरनेटवर मिळू लागली, आणि न पाहिलेल्या माणसाला पैसे देण्याची सवय लोकांना हळूहळू लागली.

खरी उलथापालथ २०१६ मध्ये झाली. एप्रिलमध्ये यूपीआय सुरू झाले. सप्टेंबरमध्ये नव्या कंपनीच्या स्पर्धेमुळे मोबाइलचा डेटा एकदम स्वस्त झाला. ८ नोव्हेंबरला नोटाबंदी आली. या तिन्ही गोष्टी एका वर्षात घडल्याने चहाच्या टपरीपासून सराफी पेढीपर्यंत क्यूआर कोडचा कागद चिकटला. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयचे एका महिन्यातील व्यवहार प्रथमच २,००० कोटींच्या वर गेले.

भाषेची अडचणही याच काळात दूर झाली. पूर्वी मराठी मजकूर एका फाँटमध्ये लिहिला की दुसऱ्या संगणकावर तो वेडावाकडा दिसे. युनिकोड ही सर्व लिप्यांची सामाईक पद्धत रूढ झाल्यावर मराठी आणि उर्दू दोन्ही कोणत्याही मोबाइलवर वाचता येऊ लागल्या. इंग्रजी येत नाही म्हणून मागे राहण्याचे कारण आता उरलेले नाही.

बातमीने भाव कसा बदलतो

याचे एक चांगले उदाहरण केरळच्या किनाऱ्यावरचे आहे. १९९७ ते २००१ या काळात उत्तर केरळात मोबाइलची सेवा टप्प्याटप्प्याने आली. त्यापूर्वी मच्छीमार आपल्याच गावच्या किनाऱ्यावर माल उतरवीत. तेथे गिऱ्हाईक नसले तर मासळी फेकून द्यावी लागे, आणि थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या बाजारात मात्र टंचाई असे. फोन आल्यावर ते समुद्रातूनच भाव विचारून नाव कोठे लावायची हे ठरवू लागले. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नोंदविले, की माल फेकण्याची वेळ जवळजवळ संपली, मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला मासळी सुमारे ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली. विकणारा आणि घेणारा या दोघांचेही हित झाले. माहितीचा हाच खरा उपयोग आहे.

दलाल गेला, नवा दलाल आला

इंटरनेटमुळे मधला माणूस जाईल आणि कारागीर थेट ग्राहकाला माल विकेल, असे सुरुवातीला सांगितले जाई. ते काही अंशीच खरे ठरले. जुना आडत्या गेला, पण त्याच्या जागी मोठ्या ऑनलाइन बाजार कंपन्या आल्या. त्यांच्याकडे गोदामे, वाहतूक आणि कोट्यवधी ग्राहक आहेत. त्या बदल्यात त्या आपला वाटा घेतात. त्यात गैर काही नाही, पण हिशेब आधी मांडला पाहिजे.

समजा, एका कारागिराने चामड्याची बॅग १,००० रुपयांना विकली. माल आणि मजुरी ६५० रुपये. कमिशन १५० रुपये, वाहतूक ८०, जाहिरात ५०. कर बाजूला ठेवला तरी हातात ७० रुपये उरले. आता दहा बॅगांपैकी एक परत आली असे धरू. नऊ बॅगांचे ६३० रुपये सुटले. परत आलेल्या बॅगेचे जाण्यायेण्याचे १६० आणि जाहिरातीचे ५० असे २१० गेले. उरले ४२०. ती बॅग मळून किंवा फाटून आली आणि विकण्याजोगी राहिली नाही, तर आणखी ६५० गेले. म्हणजे नफा राहो, २३० रुपयांचा तोटा झाला. हे आकडे समजावण्यापुरते आहेत. प्रत्येकाने आपल्या मालाचे आकडे घालून पाहावे आणि परतीचा खर्च भावात धरल्याशिवाय माल चढवू नये.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. दुकानात आलेले गिऱ्हाईक आपले असते; ऑनलाइन बाजारात ते कंपनीचे असते. त्याचे नाव आणि पत्ता आपल्या वहीत राहत नाही. उद्या नियम बदलले, किंवा आपला माल यादीत खाली गेला, तर वर्षानुवर्षांचा धंदा एका दिवसात आटतो. म्हणून एका पायावर उभे राहू नये. ऑनलाइन बाजारात विकावे, पण प्रत्येक मालावर आपला शिक्का आणि आपले नाव असावे. स्वतःच्या गिऱ्हाइकांची वेगळी यादी ठेवावी आणि जुना बांधलेला ग्राहक सोडू नये. केंद्र सरकारच्या पुढाकाराने २०२२ पासून ओएनडीसी हे खुले जाळे सुरू झाले आहे. विक्रेता एका ॲपवर आणि ग्राहक दुसऱ्या ॲपवर असला तरी त्यावर व्यवहार होऊ शकतो. त्याचीही चौकशी करण्यासारखी आहे.

नाव हेच भांडवल

यंत्रावरचा स्वस्त माल हातमागाचा म्हणून, आणि नकली चामडे अस्सल म्हणून विकणे ऑनलाइन बाजारात सोपे आहे, कारण ग्राहक फक्त फोटो पाहतो. यावर भौगोलिक निर्देशांकाचा, म्हणजे जीआयचा कायदा हा एक आधार आहे. पैठणी आणि कोल्हापुरी चप्पल यांच्याप्रमाणेच मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्यालाही २०२४ मध्ये ही नोंद मिळाली. मिरजेची ही कला शिकलगार कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या कंपनीने मिलान येथे कोल्हापुरीसारख्या चपला दाखविल्या आणि मूळ कारागिरांचा उल्लेख केला नाही. इंटरनेटवर गदारोळ उठला, आणि त्या चपला भारतीय पारंपरिक पादत्राणांवरून सुचल्याचे कंपनीला मान्य करावे लागले. पूर्वी अशी बातमी कोल्हापूरला पोहोचलीच नसती. मात्र समूहाला मिळालेली जीआय नोंद आपोआप प्रत्येक कारागिराच्या नावावर चढत नाही. त्यासाठी 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून वेगळा अर्ज करावा लागतो. आपल्या कारागीर बंधूंनी तो अवश्य करावा.

अफवेचा बाजार

ज्या रस्त्याने माल येतो त्याच रस्त्याने विषही येते. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या साथीत, मुस्लिम फळ-भाजी विक्रेत्यांविषयी खोटे आणि जुने व्हिडिओ मोबाइलवरून फिरले, आणि अनेक ठिकाणी हातगाडीवाल्यांना गल्लीत येऊ दिले गेले नाही. रोजच्या कमाईवर जगणाऱ्यांची चूल त्याने विझली. अशा वेळी संतापून उलट संदेश पाठविणे म्हणजे आगीत तेल. पुरावा जपून ठेवावा, पोलिसांकडे लेखी तक्रार करावी आणि ज्यांच्याशी वर्षानुवर्षांची देवघेव आहे त्या शेजाऱ्यांना सोबत घ्यावे. आपल्याकडे आलेली कोणाहीविषयीची ऐकीव बातमी खात्री केल्याशिवाय पुढे ढकलू नये, हे बंधन आपल्यावरही तितकेच आहे.

न पाहिलेला माल आणि आपले दंडक

परत येणाऱ्या मालाचा अनेकांना राग येतो. परंतु न पाहता घेतलेल्या मालाचा प्रश्न फुकहांनी शतकांपूर्वीच विचारात घेतला आहे. हनफी फिकहनुसार अशा खरेदीदाराला माल पाहिल्यावर तो ठेवावा की परत करावा हे ठरविण्याचा हक्क असतो; त्यास खियार-ए-रुयत म्हणतात. आगाऊ पैसे घेऊन पुढे माल देण्याच्या सलम व्यवहारात मालाचा प्रकार, प्रत, परिमाण आणि देण्याची मुदत स्पष्ट ठरलेली असावी लागते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले, आणि ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, अशी विचारणा त्यांनी केली, ही घटना सर्वपरिचित आहे. आजच्या भाषेत याचा अर्थ असा, की फोटो खरा असावा, माप अचूक लिहावे आणि दोष असल्यास तो फोटोत दाखवावा. असा माल परत कमी येतो, म्हणजे दीन आणि दुनिया दोन्हींचा लाभ. 'आता घ्या, नंतर द्या' अशा सोयींत मुदत चुकल्यावर व्याज लागते का, हेही आधी वाचून घ्यावे.

काही व्यावहारिक सूचना

१. पैसे मिळण्यासाठी पिन घालावा लागत नाही. पिन मागितला की पैसे आपल्या खात्यातून जाणार, हे घरातील प्रत्येकाला सांगून ठेवावे.

२. ग्राहकाने दाखविलेल्या स्क्रीनशॉटवर माल देऊ नये. आपल्या खात्यात रक्कम आल्याची खात्री करावी.

३. फसवणूक झाल्यास लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण.

४. क्यूआर कोडने आलेला प्रत्येक रुपया नोंदला जातो. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात अशा नोंदींवरून लहान विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. घरखर्चाचे आणि धंद्याचे खाते वेगळे ठेवावे, खरेदीच्या पावत्या जपाव्यात.

५. १ ऑक्टोबर २०२३ पासून, उलाढाल मर्यादेच्या आत असलेल्या विक्रेत्याला जीएसटी नोंदणीशिवाय, केवळ नावनोंदणी क्रमांक घेऊन, राज्याच्या आत ऑनलाइन बाजारात माल विकता येतो. अशा विक्रेत्याला तेथून राज्याबाहेर माल पाठविता येत नाही. कर सल्लागाराला विचारूनच पाऊल टाकावे.

६. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्यापासून सावध राहावे.

तार गेली, टेलेक्स गेला. उद्या आजच्या मोबाइलच्या जागीही काही दुसरे येईल. परंतु अचूक माप, दिलेला शब्द आणि स्वच्छ हिशेब यांना कोणत्याही पेठेत भाव आहे. तरुण मुलांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना हे नवे साधन शिकवावे आणि त्यांच्याकडून धंद्याची जुनी रीत शिकून घ्यावी. दोन्ही एकत्र आल्या तर इन्शाअल्लाह आपला कारागीर या पेठेतही मानाने उभा राहील.