फॉक्सने हेरलेली मोकळी जागा

१९५६ साली ड्युमाँट नेटवर्क बंद पडलं आणि पुढची तीस वर्षं अमेरिकी टीव्हीवर एनबीसी, सीबीएस आणि एबीसी या तिघांचंच राज्य राहिलं. चौथ्याचा निभाव लागणार नाही, असंच धंद्यातले जाणते लोक धरून चालले होते. १९८५मध्ये वृत्तपत्रमालक रूपर्ट मरडॉकने मेट्रोमीडिया कंपनीची सहा शहरांतली केंद्रं सुमारे दोन अब्ज डॉलरना घ्यायचं ठरवलं. यातली न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनची केंद्रं मुळात ड्युमाँटचीच. परदेशी नागरिकाला अशी मालकी कायद्याने मिळत नव्हती, म्हणून मूळच्या ऑस्ट्रेलियन मरडॉकने त्याच वर्षी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं.

या केंद्रांच्या जोरावर त्याने फॉक्स हे चौथं नेटवर्क उभं केलं. सुरुवात अडखळतच झाली. ९ ऑक्टोबर १९८६ला विनोदी कलाकार जोन रिव्हर्सचा रात्रीचा गप्पांचा कार्यक्रम सुरू झाला, तो एनबीसीवरच्या जॉनी कार्सनच्या तशाच कार्यक्रमासमोर टिकला नाही. पुढच्या मे महिन्यात रिव्हर्सबाईंना काढून टाकलं. एप्रिल १९८७मध्ये संध्याकाळच्या मालिका सुरू झाल्या, त्याही आधी फक्त रविवारी. त्यामागे हिशेब होता. मुख्य वेळेत आठवड्याला पंधरा तासांहून कमी कार्यक्रम दिले, की सरकारी नियमांत ‘नेटवर्क’ म्हणून गणना होत नसे आणि मोठ्या तिघांवरची कार्यक्रमांच्या मालकी हक्कांची बंधनं चुकत. शिवाय फॉक्सला मिळालेली बरीचशी केंद्रं यूएचएफ पट्ट्यातली, चित्र धड न येणारी. केबल घरोघरी पोचली, तशी ती अडचण कमी होत गेली.

फॉक्सची खरी करामत मोकळी जागा हेरण्यात होती. उन्हाळ्यात मोठी नेटवर्कं जुनेच भाग पुन्हा दाखवायची. १९९१च्या उन्हाळ्यात फॉक्सने ‘बेव्हर्ली हिल्स, ९०२१०’चे नवे भाग लावले आणि सुट्टीवरची पोरं तिकडे वळली. ‘द सिम्प्सन्स’ ही कार्टून मालिका तर १९९०मध्ये गुरुवारी थेट एनबीसीच्या लोकप्रिय ‘कॉस्बी शो’समोर उभी केली.

मला सर्वांत धाडसी वाटतो तो २६ जानेवारी १९९२चा डाव. त्या रात्री सुपर बोल, म्हणजे एनएफएल या अमेरिकी फुटबॉल लीगचा अंतिम सामना, सीबीएसवर होता आणि मध्यंतराला मैदानात बर्फावरच्या स्केटिंगचा सोहळा. तेवढ्याच वेळात फॉक्सने ‘इन लिव्हिंग कलर’चा थेट प्रयोग लावला. कीनन आयव्हरी वेयन्स या कृष्णवर्णीय कलाकाराने उभी केलेली ही प्रहसनांची मालिका होती. सामना पुन्हा सुरू व्हायला किती वेळ उरला, हे दाखवणारं घड्याळही पडद्यावर ठेवलं, म्हणजे प्रेक्षक निर्धास्त. दोन कोटींहून जास्त लोक तिकडे वळल्याचा अंदाज होता. पुढच्या वर्षी मध्यंतराला एनएफएलने मायकेल जॅक्सनला आणलं.

मग डिसेंबर १९९३मध्ये फॉक्सने एनएफएलमधल्या एनएफसी या गटाच्या सामन्यांचे हक्क चार वर्षांसाठी १.५८ अब्ज डॉलरना घेतले. १९५६पासून सीबीएसकडे असलेलं फुटबॉल गेलं. १९९४मध्ये न्यू वर्ल्ड कंपनीत ५० कोटी डॉलर गुंतवून तिची बारा केंद्रं जुन्या नेटवर्कांकडून आपल्याकडे वळवली. फॉक्सच्या सामन्यांत गुण आणि घड्याळ पडद्याच्या कोपऱ्यात कायम दिसू लागलं. आज ते बहुतेक खेळांत दिसतं.

पण ज्यांच्या जोरावर हा पाया रचला, त्यांचं काय झालं? मोठ्या तिघांनी फारसं न विचारलेल्या कृष्णवर्णीय प्रेक्षकांना फॉक्सने आपलंसं केलं होतं. फुटबॉल हाती आलं, त्याच १९९४मध्ये ‘इन लिव्हिंग कलर’, ‘रॉक’, ‘साउथ सेंट्रल’ आणि ‘द सिनबॅड शो’ या चारही मालिका संपवल्या गेल्या. काहींचे आकडे घसरले होते, हे मान्य. ‘मार्टिन’ आणि ‘लिव्हिंग सिंगल’ पुढे चालू राहिल्या, हेही खरं. तरीही एका वर्षात चार मालिका जाणं मला योगायोग वाटत नाही. पडत्या काळात साथ देणाऱ्या प्रेक्षकांशी फॉक्स कृतघ्नपणे वागलं.