गाव मोकळंच होतं का?

सोलापूर जिल्ह्यात टाळेबंदीचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "हाल शहरात झाले. गावाला काय, शेत होतं, दूध होतं, मोकळी हवा होती." हा समज खोडून काढायलाच हवा. उद्या दुसरी साथ आली, तर याच समजापायी गावाच्या वाट्याला कमी मदत येईल.

शेतीकामाला बंदी नव्हती, हे खरं. अडली ती विक्री. 25 मार्च 2020 ला देश थांबला तेव्हा पंढरपूर-बार्शीकडच्या बागांत द्राक्षं अजून वेलीवर होती. व्यापारी फिरकेना, आठवडी बाजार बंद. खाण्यासाठी पिकवलेला माल अनेकांनी बेदाण्याकडे वळवला. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात घड बुडवायचे, शेडमधल्या जाळ्यांवर पसरायचे आणि पंधरा-वीस दिवस वाट पाहायची. त्यासाठी शेड लागते, मजूर लागतात आणि पैशासाठी थांबण्याची ऐपत लागते. ती ज्याच्याकडे होती तो तगला. बाकीच्यांनी मिळेल त्या भावात माल काढला. ज्याला शेतच नाही त्याचं काय? राज्यभरात साखर कारखान्यांवर सव्वा लाखाहून जास्त ऊसतोड कामगार अडकले होते. त्यांना गावी परतायची परवानगी मिळाली 17 एप्रिलला.

पंढरपूरचं पोट तर वारीवर चालतं. मंदिर 17 मार्चला दर्शनासाठी बंद झालं. चैत्री वारी गेली, आषाढीला पालख्या एसटीने आल्या आणि कार्तिकीही गर्दीविना झाली. तुळशीमाळा, बुक्का, चुरमुरे-बत्तासे विकणाऱ्यांची वर्षाची कमाई या काही दिवसांत होते. ते दिवसच त्या वर्षी आले नाहीत.

'कोरोना शहराचा, गावात फारसा नव्हता' हेही चूक. सोलापूर शहरापेक्षा ग्रामीण भागात जास्त रुग्ण आणि जास्त मृत्यू नोंदले गेले. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यात बऱ्याच ठिकाणी निर्बंध सैल होत होते, तेव्हा 13 तारखेपासून पंढरपूर, सांगोला, माळशिरस, माढा आणि करमाळा या पाच तालुक्यांत ते उलट कडक झाले.

सगळ्यात खोलवर रुजलेला समज बालविवाहांबद्दलचा आहे. 'टाळेबंदीत लोकांनी पोरी उजवल्या' असं म्हटलं की जणू ही त्या दोन वर्षांतली विकृती होती असं वाटतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत सोलापूर जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे 40 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्याचं प्रमाण 21.9 टक्के. महाराष्ट्रातली ही पाहणी 2019 मध्येच, म्हणजे टाळेबंदीच्या आधी झाली होती. दुखणं जुनंच होतं. टाळेबंदीने त्याला आडोसा दिला. पन्नास माणसांत लग्न उरकता येऊ लागलं. मांडव नाही, वाजंत्री नाही, जेवणावळ नाही; खर्च वाचला आणि गाजावाजाही टळला. एरवी मुलगी आठवडाभर वर्गात दिसली नाही की बाई घरी चौकशीला जातात. नववी ते बारावीचे वर्ग उघडायला 23 नोव्हेंबर 2020 उजाडला आणि दुसऱ्या लाटेत ते पुन्हा बंद पडले. गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, आणि तो त्या काळात विलगीकरणाच्या कामात बुडालेला. मुलीच्या बाजूने पाहणारे डोळेच कमी झाले.

'गावकऱ्यांना समज कमी, त्यांनी नियम पाळले नाहीत' हा आरोप मला सगळ्यात जास्त खटकतो. 30 मे 2021 च्या भाषणात मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी हिवरे बाजारच्या पोपटराव पवारांसोबत सोलापूर जिल्ह्यातल्या दोन तरुण सरपंचांची नावं घेतली: घाटणे गावचे ऋतुराज देशमुख आणि अंत्रोळीच्या कोमल करपे. त्यांनी आपापलं गाव कोरोनामुक्त केलं होतं. हे कौतुक रास्तच होतं. पण अशा प्रत्येक गावात घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजत होत्या त्या आशाताई. मानधन वाढावं म्हणून त्याच वर्षी जूनमध्ये, 15 तारखेला, राज्यभरातल्या आशांना संपावर जावं लागलं. आठवडाभराने तोडगा निघाला: महिन्याला 1,000 रुपये वाढ आणि 500 रुपये कोविड भत्ता.