मध कोणत्या फुलाचा, हे क्षार सांगतात

"हा अस्सल जांभळाचा मध" असं सांगणारे बाजारात पुष्कळ भेटतात. नुसत्या रंगावर जाऊ नका. मध तापवला किंवा जुना झाला तरी काळवंडतो.

झाड जमिनीतून क्षार घेते. त्यांतले थोडे फुलाच्या मकरंदात उतरतात आणि माशीबरोबर पेटीत येतात. मधात सर्वांत जास्त असते ते पोटॅशियम. फिकट मधात क्षार कमी, गडद मधात जास्त. पूर्वी मध जाळून राख तोलत. फुलांच्या मधात ती शंभर ग्रॅमला सहसा अर्ध्या ग्रॅमच्या आतच भरते. आता पाण्यात कालवलेल्या मधातून वीज किती वाहते ते मोजतात. क्षार जास्त तर वीज जास्त. साखरेच्या पाकात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून पाक मिसळला की आकडा घसरतो.

पण जमीन बदलली की त्याच झाडाच्या मधातले क्षारही बदलतात. म्हणून प्रयोगशाळेत परागकणही सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. दोन्ही जुळले तरच नाव द्यावं.

आपल्या हातचं काम निराळंच आहे. महाबळेश्वरच्या बाजूला जांभूळ फुलण्याआधी पेटीतला जुना मध काढून घ्या, नाहीतर सगळं एकत्र होतं. कारवीचा मध तर सात-आठ वर्षांनी एकदा येतो, तो वेगळाच भरा. गंजका डबा नकोच! मध आंबट असतो, लोखंड त्यात उतरतं आणि तपासणी फसते. काचेच्या बरणीत भरा, वर गाव, फूल व काढणीची तारीख लिहा.