राधानगरीचा दरवाजा उघडला, म्हणजे नेमकं काय झालं?

जुलैचा दुसरा पंधरवडा लागला की कोल्हापुरात एक बातमी बहुतेक दरवर्षी येते. राधानगरी भरलं, स्वयंचलित दरवाजा उघडला, भोगावतीत विसर्ग सुरू. मूळ बातमी चार ओळींची असते. मोबाइलवरून फिरत फिरत तासाभरात तिचं ‘धरण सोडलं’ होतं, आणि पंचगंगेवरच्या शिवाजी पुलावर पाणी बघायला येणाऱ्यांची गर्दी वाढते. शंभर वर्षांहून अधिक काळ ज्या पाण्यावर हा जिल्हा उभा आहे, त्याबद्दल जिल्ह्यातच इतके गैरसमज असावेत याची गंमत वाटते, आणि पुराच्या दिवसांत काळजीही.

‘लक्ष्मी तलाव ३४७ फूट खोल आहे’

राधानगरीच्या जलाशयाचं नाव लक्ष्मी तलाव. तो पूर्ण भरला की पाणीपातळी ३४७.५० फूट झाल्याचं जाहीर होतं आणि ऐकणारा तो आकडा खोली समजून बसतो. पण धरणाची उंचीच सुमारे ४२.७ मीटर, म्हणजे १४० फूट आहे. १४० फुटी भिंतीमागे ३४७ फूट पाणी राहील कसं? बरं, ही समुद्रसपाटीपासूनची उंचीही नव्हे. कोल्हापूर शहरच समुद्रसपाटीपासून अठराशे फुटांच्या आसपास आहे आणि तलाव तर शहराच्या बराच वर, सह्याद्रीच्या कुशीत. ३४७.५० हा आकडा बांधकामासाठी गृहीत धरलेल्या एका खुणेपासून मोजलेला आहे. पूर्ण भरल्याची ती रेघ, एवढाच त्याचा अर्थ.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या ३९ आणि ४३ फुटांचंही असंच आहे. ३९ ही इशारा पातळी आणि ४३ ही धोका पातळी, पण त्या मोजपट्टीवरच्या खुणा आहेत. नदीत ४३ फुटी खड्डा आहे असं त्यातून निघत नाही.

मग तलाव खरा खोल किती? पूर्ण भरल्यावर त्याचा पसारा सुमारे १८ चौरस किलोमीटर आणि साठा ८.३६ टीएमसी, म्हणजे २३ कोटी ६८ लाख घनमीटर. भागाकार केला तर सरासरी खोली तेरा मीटर, साधारण ४३ फूट निघते. भिंतीजवळ पाणी सर्वांत खोल, आणि दाजीपूरच्या दिशेने ओढ्यांच्या खोऱ्यांत शिरत शिरत उथळ होत गेलेलं. ‘ठाव लागत नाही’ ही ख्याती शहरातल्या रंकाळा तलावालाही आहे आणि लक्ष्मी तलावालाही. बोलायला ती बरी वाटते. ठाव घ्यायला खरोखर अवघड असं तळं बघायचं तर सायबेरियात जावं लागेल. तिथल्या बैकल सरोवराची सर्वाधिक खोली १,६४२ मीटर आणि सरासरीच ७४४ मीटर आहे. पृथ्वीच्या कवचाला पडलेल्या भेगेत ते साठलं आहे. आपला तलाव नदीच्या खोऱ्यात भिंत घालून अडवलेला आहे. दोघांची जातच वेगळी.

‘धरण इंग्रजांनी बांधलं’

नाही. हे कोल्हापूर संस्थानचं धरण. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवर फेजिवडे गावाजवळ ते हाती घेतलं. राधानगरी गावाला कन्या राधाबाईंचं नाव दिलं आणि तलावाला महाराणी लक्ष्मीबाईंचं. पहिल्या महायुद्धाच्या काळात पैशाअभावी काम अर्ध्यावर थांबलं. १९२२ साली महाराज गेले, तेव्हा भिंत अपुरीच होती. त्यांचे पुत्र राजाराम महाराज यांच्या अखेरच्या काळात काम पुन्हा सुरू झालं आणि ते पुरं व्हायला स्वातंत्र्यानंतरचं, १९५० चं दशक उजाडलं. म्हणून ‘शाहू महाराजांनी धरण पूर्ण केलं’ हेही बरोबर नाही. त्यांचं मोठेपण सांगायला त्या अतिशयोक्तीची गरजही नाही. शेतीच्या पाण्यासाठी एवढा मोठा तलाव स्वतःच्या तिजोरीतून बांधायचा, हे त्या काळी फार कमी संस्थानिकांना सुचलं.

‘दरवाजे उघडले म्हणजे धरणाला धोका’

सगळ्यांत पक्का बसलेला गैरसमज हा. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत आणि ते कुणी बटण दाबून उघडत नाही. पाण्याचा दाब आणि दरवाजाला जोडलेलं प्रतिवजन यांच्या तोलावर त्यांचं काम चालतं. पाणी ठरलेल्या पातळीला टेकलं की दाब भारी होतो आणि दरवाजा उघडतो. पातळी उतरली की प्रतिवजन त्याला पुन्हा बसवतं. गच्चीवरच्या टाकीला ओव्हरफ्लोचा पाइप असतो, त्याच जातीची ही सोय. टाकी वाहू लागली म्हणून कुणी ती फुटली असं म्हणत नाही. भरलेल्या धरणाचा दरवाजा उघडला नाही, तरच खरी धाकधूक.

असे दरवाजे जगात फक्त राधानगरीलाच आहेत, असंही अभिमानाने सांगितलं जातं. ते असावेत याचा अभिमान रास्त आहे, पण ‘फक्त’ खरं नाही. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी आपले स्वयंचलित दरवाजे १९०३ सालीच पुण्याजवळ खडकवासल्याला बसवले होते. पुढे ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही ते गेले. राधानगरीचं वेगळेपण इतकंच, की इथे ते आजही भर पावसात काम करतात आणि सारा जिल्हा त्यांच्याकडे कान लावून बसतो.

आता बातमीतल्या आकड्यांकडे येऊ. एका दरवाजातून सुमारे १,४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी बाहेर पडतं. वीजगृहातून साधारण १,५०० क्युसेक चालूच असतं. म्हणून पहिला दरवाजा उघडला की ‘२,९२८ क्युसेक विसर्ग’ असा आकडा येतो, जो आता कोल्हापूरकरांच्या तोंडपाठ झाला आहे. अनेकदा आधी उघडतो तो ६ क्रमांकाचा दरवाजा. ‘सहा नंबर उघडला’ हे वाक्य पुढच्या माणसाला ‘सहा उघडले’ असं ऐकू जातं आणि अफवेला तेवढंच पुरतं. दरवाजे क्रमाने उघडत नाहीत. क्रमांक ही जागा आहे, संख्या नव्हे.

सातही उघडले तर वीजगृहासकट विसर्ग साडेअकरा हजार क्युसेकच्या जवळ जातो. एवढं पाणी अखंड चोवीस तास वाहिलं तर जेमतेम एक टीएमसी होतं. ८.३६ टीएमसीचं धरण या दारांतून ‘सुटणं’ शक्यच नाही, कारण वरच्या रेघेपुढचंच पाणी ती बाहेर टाकतात.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू आहे आणि ती सांगायचं बहुतेक जण टाळतात. पाऊस येण्याआधी धरण थोडं रिकामं करून ठेवा, अशी मागणी प्रत्येक पुरानंतर होते. ती मागणी अडाणीपणाची नाही. मात्र हे सात दरवाजे त्यासाठी उपयोगाचे नाहीत, कारण ते भरण्याआधी उघडतच नाहीत. आधी पाणी सोडायचं तर वीजगृहातून किंवा खालच्या सेवाद्वारांतून. त्यामुळे ‘अधिकाऱ्यांनी दरवाजे उशिरा उघडले’ हा आरोप निदान या सात दारांपुरता तरी चुकीच्या ठिकाणी जाऊन बसतो. वाद घालायचाच तर जुलैअखेर धरणात किती जागा राखायची, यावर घालावा.

‘राधानगरीमुळेच कोल्हापूरला पूर येतो’

भोगावती ही पंचगंगेच्या घटक नद्यांपैकी एक. कासारी, कुंभी आणि तुळशी या तिच्या सख्या. पाचवी गुप्त सरस्वती श्रद्धेने मोजायची. प्रयाग चिखलीला संगम होतो आणि पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कासारी, कुंभी, तुळशीवरही धरणं आहेत, पण तिन्ही मिळून राधानगरीच्या जवळपास. धरणांच्या खालच्या डोंगरउतारांवर पडणारा पाऊस तर कुणीच अडवत नाही. तो थेट नदीत येतो. पंचगंगा इशारा पातळीच्या पुढे वाहते तेव्हा राजाराम बंधाऱ्यावरून पन्नास हजार क्युसेकहून अधिक पाणी जात असतं. त्यात राधानगरीचा एक दरवाजा म्हणजे शेकड्याला तीन भागसुद्धा नाही. सातही उघडले तर वाटा पाचव्या हिश्श्यापर्यंत जातो, आणि तेव्हा तो दुर्लक्ष करण्याजोगा राहत नाही, हेही तितकंच खरं.

मुळात शहरात ऊन पडलेलं असताना पाणी का वाढतं, याचं उत्तर नकाशात आहे. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास, आणि शिरोळला पाचशेच्या घरात. एकाच जिल्ह्यात, शंभरेक किलोमीटरच्या पट्ट्यात एवढा फरक. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्याची पातळी ५५ फुटांपुढे गेली, ती घाटमाथ्यावर काही दिवसांत झालेल्या प्रचंड पावसाने. कोल्हापूरकराने आकाश बघायचं असेल तर गगनबावडा, दाजीपूरचं बघावं, रंकाळ्यावरचं नव्हे.

याच दिवसांत ‘इतके बंधारे पाण्याखाली’ अशी दुसरी बातमी येते. तीही घाबरवते, आणि तिचा उलगडा तलावाच्या वापरात आहे.

‘धरण आहे म्हणजे कालवे असणार’

बाहेरून आलेला माणूस राधानगरीचा कालवा कुठे आहे, असं विचारतो. इथे नदी हाच कालवा. उन्हाळ्यात तलावातून सोडलेलं पाणी भोगावतीच्या आणि पुढे पंचगंगेच्या पात्रातूनच खाली येतं. वाटेत जागोजागी ते अडवतात कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. दगडी खांब, खांबांना खाचा, आणि खाचांत बसवायचे बरगे. पावसाळा सरला की बरगे घालायचे, पाणी तुंबवायचं. पुढचा पाऊस येण्याआधी काढून ठेवायचे, म्हणजे पुराला आणि गाळाला वाट मोकळी. ही युक्ती इतकी सोपी आणि स्वस्त निघाली, की महाराष्ट्रभर ‘को. प. बंधारा’ असंच तिचं नाव पडलं. या तुंबलेल्या पाण्यातून शेतकऱ्यांचे पंप आणि सहकारी उपसा योजना पाणी चढावर नेतात. करवीर, राधानगरी, हातकणंगले, शिरोळ भागातला ऊस, त्यावरचे साखर कारखाने आणि त्यांचं राजकारण, हे सगळं या व्यवस्थेवर उभं राहिलं.

बंधारे मुद्दाम ठेंगणे आहेत. पावसाळ्यात नदी त्यांच्यावरून जावी असाच त्यांचा हिशेब. वरून रस्ता जात असेल तर तो बंद होतो, लोकांना लांबचा वळसा पडतो, त्रास खराच. पण बंधारा पाण्याखाली जाणं ही आपत्ती नसून वहिवाट आहे.

‘वीज करण्यात पाणी वाया जातं’

कोयनेबद्दल हे म्हणता येतं. तिथे वीज झाल्यावर पाणी घाट उतरून कोकणात जातं, कृष्णेत परत येत नाही. कृष्णा पाणीतंटा लवादाने त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी मंजूर केलं आहे. राधानगरीचं वीजगृह धरणाच्या पायथ्याशी आहे. पाणी जनित्र फिरवून भोगावतीतच पडतं आणि उसाला जातं. थेंबही कमी होत नाही.

‘शहराच्या नळाला राधानगरीचं पाणी’

हे अर्धं खरं, आणि दिवसेंदिवस कमी खरं. एकेकाळी शहर कळंब्याच्या तलावावर होतं. वस्ती वाढली तशी बालिंगा, शिंगणापूर इथून नदीचं पाणी उपसायला सुरुवात झाली. तेव्हा नळाचं पाणी नदीचं, आणि उन्हाळ्यात नदीत पाणी राहायचं ते राधानगरीमुळे. पण पंचगंगेच्या प्रदूषणाने कावलेल्या शहराने थेट पाइपलाइनसाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. ती अखेर २०२३ च्या दिवाळीत शहराजवळ पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत पोचली, पन्नासहून अधिक किलोमीटर लांब. तिचं पाणी राधानगरीचं नव्हे, काळम्मावाडीचं.

ही गल्लत जाणतेही करतात, कारण दोन्ही धरणं एकाच तालुक्यात आहेत. काळम्मावाडीचं धरण दूधगंगेवर आहे आणि २५.४ टीएमसीचं, म्हणजे राधानगरीच्या तिप्पट. ते महाराष्ट्र-कर्नाटक मिळून केलेल्या प्रकल्पाचं. दूधगंगा कोल्हापूर शहराकडे येतच नाही. कागलच्या बाजूने जाऊन पुढे कर्नाटकात कृष्णेला मिळते. म्हणून ‘काळम्मावाडीतून विसर्ग वाढवला’ ही बातमी कागल आणि निपाणीच्या दूधगंगाकाठच्या गावांनी मनावर घ्यायची. शिवाजी पुलाच्या पाण्याशी तिचा संबंध नाही. आणि काळम्मावाडी निम्मी भरली म्हणून शहराच्या नळाची चिंता करणाऱ्याने राधानगरी काठोकाठ भरल्याची बातमी ऐकून निर्धास्त होऊ नये.