वापरलेल्या वस्तुभिंगाचे दोषपरीक्षण

सूक्ष्मदर्शकात नमुन्याच्या सर्वांत जवळ असणाऱ्या भिंगसंचास वस्तुभिंग किंवा पदार्थभिंग म्हणतात. जुने वस्तुभिंग विकत घेण्यापूर्वी अथवा पुन्हा वापरात आणण्यापूर्वी त्यातील यांत्रिक व प्रकाशीय दोष शोधणे आणि त्यांचा प्रतिमेवर होणारा परिणाम ठरवणे, यास दोषपरीक्षण असे म्हणता येईल. शाळा-महाविद्यालये, रक्ततपासणी प्रयोगशाळा व हौशी निरीक्षक यांच्याकडे जुनी वस्तुभिंगे मोठ्या प्रमाणावर वापरात असल्यामुळे या परीक्षणास व्यावहारिक महत्त्व आहे.

महत्त्व

वस्तुभिंग किती बारीक तपशील वेगळा दाखवू शकते, हे त्याच्या न्यूमेरिकल ॲपर्चरवर अवलंबून असते. हा अंक १.२५ असलेले १०० पट तैलवस्तुभिंग हिरव्या प्रकाशात सुमारे ०.२७ मायक्रोमीटर अंतरावरील दोन बिंदू वेगळे दाखवते. तांबड्या रक्तपेशीचा व्यास ७ ते ८ मायक्रोमीटर असतो, तर फॅल्सिपॅरम हिवतापाच्या परजीवीची कोवळी कडी त्या व्यासाच्या सुमारे पाचव्या भागाएवढीच असते. भिंग धूसर झाल्यास अशी कडी नजरेतून सुटू शकते. नमुन्यात परजीवी नसणे आणि भिंगातून तो न दिसणे यांतील फरक अहवालात उमटत नाही. म्हणूनच भिंगाची परीक्षा आधी करावी लागते.

हवामानाचा परिणाम

ठाणे जिल्ह्यासारख्या कोकणपट्टीतील प्रदेशात जून ते सप्टेंबर या काळात हवेत आर्द्रता फार असते. ठाण्याच्या खाडीचे सान्निध्य आणि येऊरच्या डोंगरालगतचा पाऊस यांमुळे माजिवडा परिसरातही पावसाळ्यात कपाटे दीर्घकाळ दमट राहतात. बंद लाकडी पेटीत ठेवलेल्या भिंगावर अशा हवेत बुरशी वाढते. त्यामुळे या भागातील जुन्या वस्तुभिंगाची तपासणी करताना बुरशीचा शोध प्रथम घ्यावा.

खुणांचे वाचन

वस्तुभिंगाच्या नळीवर कोरलेले अंक हा परीक्षणाचा आरंभबिंदू होय. '४०/०.६५' म्हणजे ४० पट वर्धन व ०.६५ न्यूमेरिकल ॲपर्चर, '१६०/०.१७' म्हणजे १६० मिमी नळीची लांबी व ०.१७ मिमी जाडीची आच्छादन काच. १६० ऐवजी अनंताचे चिन्ह असल्यास ते भिंग जुन्या १६० मिमी नळीवर योग्य प्रतिमा देत नाही. प्रचलित रंगसंकेतानुसार ४ पट भिंगावर तांबडे, १० पटावर पिवळे, ४० पटावर फिकट निळे व १०० पटावर पांढरे कडे असते. तेलाच्या भिंगावर याखेरीज काळे कडे असते.

या खुणा न वाचल्यास चांगले भिंगही सदोष ठरते. उदाहरणार्थ, ४० पट कोरड्या भिंगाखाली आच्छादन काच नसलेला रक्तलेप ठेवल्यास प्रतिमा मऊ दिसते. तो भिंगाचा दोष नसून वापरातील चूक असते.

दोषांचे प्रकार

समोरच्या काचेवरील मळ. हा सर्वाधिक आढळणारा व सर्वांत निरुपद्रवी दोष होय. १०० पट भिंगासाठी घातलेले तेल ४० पट भिंगाला लागते आणि वाळून पापुद्रा धरते. पूर्वी वापरात असलेले देवदाराचे तेल वाळून कडक होते. असे भिंग पुष्कळदा 'बाद' समजले जाते. प्रत्यक्षात ते केवळ साफ करावे लागते.

ओरखडे. समोरच्या काचेवरील ओरखडा प्रतिमेत रेषेसारखा दिसत नाही, कारण ती काच केंद्रित प्रतलात नसते. तो प्रकाश विखुरतो व प्रतिमेचा उठाव कमी करतो. तैलवस्तुभिंगात तेलाचा अपवर्तनांक काचेच्या जवळपास, सुमारे १.५१५ असल्याने बारीक ओरखडे तेलाने भरून निघतात. कोरड्या भिंगाला ही सोय नसते.

बुरशी. कोळ्याच्या जाळ्यासारखे शाखायुक्त तंतू दिसतात. बुरशीच्या स्रावाने काचेवरील लेप व काच झिजते. अशी झीज साफ केल्यानंतरही राहते.

जोड सुटणे. अनेक भिंगे दोन-तीन काचा चिकटवून बनवलेली असतात. जुन्या भिंगांत कॅनडा बाल्सम वापरत. जोड सुटल्यास कडेकडून आत पसरणारे, पिसासारखे किंवा इंद्रधनुषी पट्टे दिसतात. याची दुरुस्ती सामान्यतः किफायतशीर नसते.

केंद्र ढळणे. भिंग पडल्याने आतील काचा सरकतात. बाहेरून भिंग स्वच्छ दिसते. दोष फक्त प्रतिमेत कळतो. नळीवरील पोच किंवा समोरच्या कड्याच्या खाचांवरील खरवड ही संशयाची खूण होय.

परीक्षणाची पद्धत

प्रथम बाह्य भाग पाहावा. आटे झिजलेले नसावेत. प्रचलित आट्याचा व्यास २०.३२ मिमी असतो. उच्चवर्धन भिंगाचा स्प्रिंग असलेला पुढचा भाग दाबल्यावर मागे जाऊन सहज परत आला पाहिजे.

नंतर नेत्रिका काढून उलटी धरावी. ती उत्तम हातभिंगाचे काम देते. तिच्यातून समोरची काच तिरप्या प्रकाशात पाहिल्यास मळ, ओरखडे व खवले स्पष्ट दिसतात. पुढे वस्तुभिंग दिव्यासमोर धरून मागील बाजूने आत पाहावे. बुरशी व सुटलेला जोड येथे उघड होतो.

त्यानंतर भिंग सूक्ष्मदर्शकावर बसवून, नमुना केंद्रित करून, नेत्रिका काढावी व नळीत पाहावे. प्रकाशाची चकती सर्वत्र एकसारखी दिसली पाहिजे. क्षेत्रात डाग दिसत असल्यास नेत्रिका फिरवावी. डाग फिरला तर तो नेत्रिकेचा. काचपट्टी सरकवल्यावर सरकला तर नमुन्याचा. संघनक खाली-वर केल्यावर तीव्र-अस्पष्ट होत असल्यास तो संघनकाचा किंवा दिव्याचा. या तिन्ही वेळी तो अचल राहिला, तरच वस्तुभिंगावर संशय घ्यावा.

शेवटची कसोटी ताराचाचणीची. धातूचा लेप दिलेल्या काचपट्टीतील अतिसूक्ष्म छिद्र पाहून केंद्र किंचित वर व खाली न्यावे. दोन्ही बाजूंस सारखी वलये उमटल्यास भिंग निर्दोष. एकाच बाजूस स्पष्ट उमटल्यास गोलीय विपथन. धूमकेतूसारखी शेपटी दिसल्यास केंद्र ढळलेले समजावे. प्ल्यूरोसिग्मा या डायॅटमच्या कवचावरील रेषाही उच्चवर्धन भिंगाची पारंपरिक कसोटी आहेत. शक्य असल्यास त्याच नमुन्यावर तेवढ्याच वर्धनाच्या खात्रीच्या भिंगाशी तुलना करावी.

निर्णय व जतन

मळ व बारीक ओरखडे असलेले भिंग शालेय कामास योग्य असते. बाहेरच्या पृष्ठावरील ताजी बुरशी निघू शकते. आतली बुरशी, सुटलेला जोड व ढळलेले केंद्र असलेले भिंग रोगनिदानासाठी वापरू नये. साफ करताना आधी हवेच्या फुग्याने धूळ उडवावी, मग भिंगकागदावर अल्प द्रावक घेऊन मध्यापासून कडेकडे पुसावे. झायलीन जास्त वापरल्यास जोडातील चिकटद्रव्य विरघळू शकते. भिंग द्रावकात बुडवू नये व घरी उघडू नये. पावसाळ्यात ते सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावे. निळे जेल गुलाबी झाल्यास तापवून पुन्हा कोरडे करावे.